विकत का परवाना?

खोडाळ्याच्या बाजारात सुकी मासळी घेताना सोनूकाका भावाची घासाघीस करत नाहीत. ते विचारतात, "विकत देतेस, का परवाना? शेजाऱ्याला वाटीभर कालवण दिलं तर चालंल ना?" मासळीवाली आता सरावली आहे. ती म्हणते, "घे बाबा, अख्ख्या पाड्याला घाल."

याला कारण मी. जव्हारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काकांची बायको धवलेरी होती, पाड्यावरची लग्नं तीच गाऊन लावायची. एका कंपनीने तिची गाणी रेकॉर्ड करून ॲपवर विकायला ठेवली होती. ती वारल्यावर काका माझ्याकडे आले. मी 'विकत घ्या'चं बटण दाबलं, अटी न वाचताच मान्य केल्या आणि म्हणालो, "झाली तुमची."

आठवड्याने ते परत आले. जामसरला दिलेल्या मुलीच्या फोनमध्ये गाणी जाईनात. मी मान खाली घालून सांगितलं, "याला डिजिटल हक्क व्यवस्थापन म्हणतात, काका."

"हक्क कुनाचा?"

"कंपनीचा."

"आन् व्यवस्थापन?"

"तेही कंपनीचंच. तुम्हाला या एका फोनवर ऐकायचा परवाना आहे."

"बायको माझी, फोन माझा, पैसं माझं. कंपनीनं काय घातलं?"

"कुलूप," मी म्हणालो.

त्या संध्याकाळपासून साखरशेतला काकांच्या अंगणात आवाज घुमावा म्हणून रिकाम्या हंड्यात ठेवलेला फोन वाजू लागला. भोवती पाड्यातल्या पोरी बसून ओळ न् ओळ उचलायच्या. "काका, हे बहुधा नियमात बसत नाही," मी भीत भीत म्हणालो.

"मंग नियमाला सांग, अंगनात येऊन बस. चहा देतो."

पुढे कंपनीने गाणी काढूनच टाकली. पडद्यावर 'उपलब्ध नाही' एवढंच यायचं. काकांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती, पण पाड्यावरच्या एका लग्नाचं आवतण आलं, म्हणून गेलो.

मांडवात पोरी गात होत्या. एका ओळीच्या मधेच सगळ्या थांबल्या, एकदम खोकल्या आणि पुढे गाऊ लागल्या. रेकॉर्डिंगच्या वेळी काकूंना तिथे ठसका लागला होता. पोरींनी तोही पाठ केला होता.

मला हसू आवरेना. "काका, पोरींना सांगू का, ठसका गाण्यात नाही म्हणून?"

काका मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते.

"नको सांगू," ते हळूच म्हणाले. "गानी दुसऱ्या बायांना पन येतात. मला तो ठसकाच पायजे होता."