येसूमावशीचा अधिकृत पाय

गाडीला क्लच असावा की नसावा, हा प्रश्न शहापूर तालुक्यात दोन हजार तीन सालापर्यंत कोणाला पडलेला नव्हता. गाड्यांना क्लच होता आणि ज्यांना क्लच नव्हता त्यांना बैल होते. हा प्रश्न शेखरच्या पिकअपने उपस्थित केला, आणि त्यात शेखरचा गुन्हा एवढाच की त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता.

गुडघा कबड्डीत गेला. खर्डीच्या सामन्यात चढाई करताना अख्खा विरोधी संघ त्याच्यावर येऊन पडला, टाळ्या पडल्या, आणि गुडघा जो रुसला तो रुसलाच. चालताना विशेष जाणवत नसे. पण क्लच दाबायचा म्हटलं की मांडीपर्यंत कळ जाई आणि पाय लटलट कापू लागे. शेखरचं पोट तर पिकअपवर. डोळखांबकडच्या पाड्यांवरून भात, नाचणी, भेंडी आणि माणसं भरायची, शहापूरला नाहीतर मुरबाडला उतरवायची, येताना मीठ, पत्रे, मंडपाचं सामान आणि पुन्हा तीच माणसं भरायची. गाडी बंद पडली तर चुलीवर काय ठेवायचं, हे त्याच्या बायकोने, रंभाने, एकदाच विचारलं होतं. तेवढं पुरलं.

ही पिकअप म्हणजे मूळची जीप. मागचं अंग कापून हौदा बसवलेला, पुढे ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन, दिवे टेम्पोचे आणि हॉर्न कुठल्यातरी बसचा. शेखरचा दोस्त रूपेश, त्याचं मुरबाड रस्त्याला गॅरेज होतं. त्याने भंगार बाजारातून एका परदेशी मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणून तिच्या पोटात घातला. गिअर आपोआप पडू लागले, क्लच गेला, आणि चालवणं नि थांबवणं ही दोन्ही कामं उजव्या पायाकडे आली.

पण तो बॉक्स पेट्रोल गाडीचा, नाजूक घरचा. डिझेलचा जोर त्याला सोसेना. भाताची पोती घेऊन डोळखांबच्या चढाला लागलं की इंजिन बोंब मारी आणि गाडी जागची हलत नसे. आतलं तेल करपून काळं होई आणि जळक्या भाकरीसारखा वास सुटे. मग उतारू उतरत, ढकलत, पुन्हा बसत, आणि ढकलण्याचं भाडं वेगळं द्यावं लागत नाही यातच समाधान मानत.

"ह्याला जड गाडीचा बॉक्स टाकू," रूपेश म्हणाला. "आन् तेल थंड राव्हायला पुढं जाळी बसवू. मंग पोतीच काय, घर भरलास तरी चढंल."

त्याने एका मोडीत निघालेल्या परदेशी डिझेल गाडीचा दणकट बॉक्स शोधून आणला, आतल्या पट्ट्या नव्या घातल्या, शाफ्ट कापून आखूड केला आणि तेलाची जाळी रेडिएटरपुढे ठोकली. गाडी बाहेर आली आणि भरल्या हौद्याने तो चढ अशी चढून गेली की मागे बसलेली माणसं सवयीने ढकलायला उतरली, ती रस्त्यातच राहिली. ही गोष्ट खरं तर इथेच संपायची. पण पासिंगची तारीख आली.

आजवर पासिंग म्हणजे कागद जायचे आणि शिक्का घेऊन परत यायचे; त्यात गाडीला बोलावण्याची पद्धत नव्हती. त्या वर्षी वाहन कार्यालयात बदलून आलेल्या नव्या साहेबांनी मात्र असा क्रांतिकारक हुकूम काढला की पासिंगला गाडी प्रत्यक्ष हजर पाहिजे. सगळीकडे खळबळ उडाली. ज्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं पास होत होत्या पण अस्तित्वात नव्हत्या, त्यांची तर फारच पंचाईत झाली.

शेखरची गाडी अस्तित्वात होती. साहेब तिच्यात वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"क्लच कुठे आहे?"

"नाय साहेब. ह्या गाडीला लागत नाय."

"लागतो की नाही हे गाडी ठरवणार नाही. तपासणीत क्लचचा रकाना आहे. त्यात मी काय लिहू?"

"लागत नाय, असा लिवा ना."

"त्या रकान्यात 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहिता येतं. 'नाही' लिहिलं की गाडी नापास."

शेखरने पँट वर करून गुडघा दाखवला. साहेबांनी तो सहानुभूतीने पाहिला. माणूस कठोर नव्हता. "मग अपंगत्वाचा दाखला आणा," ते म्हणाले. "अपंगाच्या गाडीला क्लच नसला तरी चालतो. मात्र तुमचं मालवाहतुकीचं लायसन्स रद्द होईल. अपंगाच्या गाडीतून माल नेता येत नाही. फक्त अपंग नेता येतो."

"म्हंजे मी लंगडा असलो तर गाडी चालंल, पर मी चालवायची नाय?"

"आणि धडधाकट असलात तर तुम्ही चालवायची, पण गाडी चालणार नाही. नियम दोन्ही बाजूंनी स्पष्ट आहे."

शेखर बाहेर येऊन चिंचेखाली बसला. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. चिंचेखाली आदेश नावाचा एजंट बसत असे. कार्यालय उघडायच्या आधी तो उघडे आणि कार्यालय बंद झाल्यावर बंद होई. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेखरची कीव केली.

"अरे, साहेब क्लच मागतात ना? मग दे क्लच. चालणारा क्लच पाहिजे असं बोल्ले का ते?"

रूपेशने एका मेलेल्या टेम्पोचं पेडल आणलं, खाली स्प्रिंग दिली, वर नवं रबर चढवलं आणि ब्रेकच्या डाव्या अंगाला वेल्डिंग मारून बसवलं. त्याच्या मागे ना वायर होती ना पाइप. दाबलं तर खाली जाई, सोडलं तर वर येई. कित्येक मोठ्या पदांवरच्या माणसांकडून याहून अधिक अपेक्षा केली जात नाही.

पुन्हा तपासणी झाली. 'आहे' असं लिहिलं गेलं. आता साहेब रस्त्यावर चाचणी घेणार होते. नेमका बाजाराचा दिवस होता आणि गाडीत येसूमावशी होती.

येसूमावशी पाड्यावरून भेंडी घेऊन बाजाराला जाई, आणि ड्रायव्हरच्या शेजारची, गिअरवरची जागा तिची असे. ह्या भागात ती जागा मानाची. गिअरचा दांडा दोन गुडघ्यांत घेऊन बसायचं आणि ड्रायव्हर बोलला की दांडा आपणच ओढायचा. "दे मावशी दुसरा," म्हटलं की मावशी दुसरा देई. आता दांडा राहिला नव्हता, तरी मान राहिला होता. साहेब चाचणीला बसायचे म्हणून तिला उठवावं, हे तिच्यासकट कोणाच्याच मनात आलं नाही. साहेब खिडकीशी बसले आणि भेंडीची टोपली त्यांच्या मांडीवर आली.

"गिअर पडेल तेव्हा क्लच दाबा," साहेब म्हणाले.

शेखरने पाय उचलला. कळ अशी गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. इंजिनाचा सूर चढू लागला, साहेब खाली बघत होते, आणि शेखरला गाडी, चूल, रंभा सगळं हातातून जाताना दिसलं. मावशीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिने चप्पल काढली, पाय पलीकडे घातला आणि पेडल दाबलं. पुढचा गिअर पडायची वेळ तिला सुरावरून कळत होती. इतकी वर्षं त्या जागेवर बसली होती ती. प्रत्येक वेळी तिने वेळेवर दाबलं.

साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली.

"हा पाय कोणाचा?"

"माझा," मावशी म्हणाली. "त्याचा दुकतो ओ साहेब."

साहेबांनी पुष्कळ विचार केला. "क्लच योग्य वेळी दाबला गेला आहे," ते म्हणाले. "नियमात 'दाबला जावा' एवढंच आहे. कोणी, ते दिलेलं नाही." शेखरने सुस्कारा टाकला. "मात्र पाय विनापरवाना आहे."

मग पायाचा परवाना काढावा लागला. शिकाऊ म्हणून 'एल' अक्षर लावायचं ते गाडीला की मावशीला, यावर कार्यालयात दोन तट पडले; शेवटी ते टोपलीला लावण्यात आलं. रीतसर परीक्षा होऊन पक्कं लायसन्स मिळालं तेव्हा त्यावर फोटो पायाचा होता, कारण चेहरा क्लच दाबत नव्हता. गाडीच्या कागदावर शेरा पडला: अधिकृत पाय हजर असल्याखेरीज वाहन हलवू नये.

शेखरला वाटलं, सुटलो. सुटला तो नव्हताच. मावशीच्या भाचीचं लग्न निघालं की गाडी उभी. मावशीला ताप आला की पाड्यावरचं भात पाड्यावर. ती बसली की चढाच्या पायथ्याशी मागून आवाज येई, "मावशी, आज पोती जास्त हायेत, जरा रेटून दाब गो." मावशी दात-ओठ खाऊन दाबी, गाडी वर जाई, आणि माणसं म्हणत, काय पाय आहे बाईचा.

"त्या रूपेशच्या गिअरच्या डब्यात काय ठेवलाय?" मावशीही एक दिवस म्हणाली. "मी दाबते तवा जाते गाडी."

ग्रामसभेत शाल-नारळ देऊन तिच्या पायाचा सत्कार झाला. तालुक्याचं नाव उज्ज्वल करणारा पाय, असं अध्यक्ष म्हणाले. रूपेशने त्या दिवशी खुर्च्या मांडल्या.

नंतर मुंबईकर आले. शनिवारी आपापल्या फार्महाऊसवर येणारी ही मंडळी. त्यांच्या नव्या कोऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांना क्लच नाही म्हणून नाक्यावर अडवलं जाऊ लागलं, तसे ते रूपेशच्या दारात उभे राहिले. आधी नाइलाजाने पेडल लावून नेत. पुढे पुढे हौसेने नेऊ लागले. कोणाला पितळी हवं, कोणाला सागवानी. "गावाकडे अजून माणसाचा हात लागतो हो गाडीला," असं ते आल्यागेल्याला डावा पाय दाखवून सांगत.

शेखरच्या डोक्यात तिडीक गेली ती मात्र मावशी मुरबाडला बारशाला गेली आणि भाताची खेप दुसऱ्या गाडीने नेली तेव्हा. जी गाडी त्याच्या गुडघ्यासाठी बांधली, ती आता दुसऱ्याच्या पायासाठी उभी राहायची. दुसऱ्या दिवशी भरल्या स्टँडवर, सगळ्यांसमोर, त्याने हातोडा घेतला आणि पेडल तोडून काढलं.

"बघा," तो म्हणाला. "वायर दिसतेय कुटं? इतके दिस ह्यो कशालाच जोडलेला नव्हता. गाडी आपली आपणच चढते."

मग कोंडू नावाचा म्हातारा हौद्यातून हळूच खाली उतरला.

"म्हंजे इतके दिस आमाला बिगर क्लचचा घाटातून नेलास?" तो म्हणाला. "आमची पोराबाळा असायची गाडीत. लाज नाय वाटली तुला?"

एकेक करत सगळे उतरले. शेखर विनवत राहिला, एकदा चढून बघा म्हणाला, पण पोतीसुद्धा उतरवली गेली. उरली ती येसूमावशी, गिअरवरच्या जागेवर, चप्पल काढलेली.

"मंग मी एवढे दिस काय केला रे?" तिने विचारलं.

इतकं वाईट शेखरला गुडघा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. ती टोपली घेऊन उतरली आणि लोकांच्या मागोमाग चालू लागली.

त्या दिवशी खेप झाली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रंभाने मग गाडीभोवती एक फेरी मारली. "पेडल परत लाव," ती म्हणाली. "आन् एक कशाला लावतोस? त्यांना भरोसा नाय तुझ्या गाडीवर. तर दे सगळ्यांनाच दाबायला."

रूपेशने हौद्यात प्रत्येक जागेसमोर एकेक पेडल बसवलं. स्प्रिंग चांगली कडक ठेवली, म्हणजे श्रम झाल्यासारखे वाटतात. शेखर येसूमावशीच्या घरी जाऊन तिला हात जोडून घेऊन आला. मुख्य क्लच तिचाच राहिला. पहिल्या दिवसापासून गाडीला गर्दी उसळली. चढ आला की सगळे एकदम दाबतात, वर पोचले की घाम पुसतात, एकमेकांना शाबासकी देतात आणि भाडं वाढलं त्याबद्दल कुरकुर करत नाहीत, कारण गाडी आता त्यांचीच आहे. शेखर पुढे बसून उजव्या पायाने चालवतो. घरात दोन वेळचं शिजतं. खरं बोलायची हुक्की त्याला पुन्हा आलेली नाही.

कधी शहापूरला उतरलात तर ह्याच गाडीने या. मागच्या फळीजवळ एखादी जागा असतेच. तुम्ही शिकलेले आहात, समोरचं पेडल कशालाही जोडलेलं नाही हे आता तुम्हाला ठाऊकही आहे. तरी चढ लागला की दाबाल. मास्तर दाबतात, डॉक्टर दाबतात, ते साहेबही परवा बसले होते आणि त्यांनी तर दोन्ही पायांनी दाबलं.