सशाच्या मापाची पट्टी

मला पळता येतं, असा माझा ठाम समज होता. वसतिगृहात गरम पाणी आलं की बादली घेऊन सगळ्यांच्या पुढे मीच असायचो! त्यामुळे विद्यापीठाच्या रिले संघातला ससा, म्हणजे आमचा सगळ्यांत वेगवान गडी, वडील अंथरुणाला खिळले म्हणून घरचं दुकान सांभाळायला गेला, तेव्हा त्याच्या जागी मी उभा राहिलो. ससा माझ्याच खोलीत राहायचा. त्याची गादी अजून भिंतीशी गुंडाळून ठेवली होती आणि तिच्याकडे बघवत नसे.

सरांनी सांगितलं होतं, यंदा शर्यत पूर्ण झाली नाही तर संघ बंद. मग ससा परत येणार कशात? मी फोनवर छाती फुगवून म्हणालो, "तुझी जागा मी राखतो. तू फक्त ये."

चौघांत मी तिसरा. शेवटचा उंट, आमचा लंबूटांग गडी. रिलेत पुढचा मागे बघत नाही. तो मागे जमिनीवर एक चिकटपट्टी लावतो. येणारा तिथे पोचला की हा सुटतो आणि हाक आली की काठी घ्यायला हात मागे करतो. येणारा जितका वेगवान, तितकी पट्टी दूर. उंटाने सवयीने सशाच्याच मापाने पट्टी लावली, आणि ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मी जीव तोडून पळालो. पट्टीपाशी माझा श्वास संपला आणि नेमका तेव्हाच उंट सुटला. "घे!" मी ओरडलो. हात मागे आला, पण त्याच्या हाताच्या आणि माझ्या काठीच्या मध्ये एखादी म्हैस ऐसपैस बसली असती! "अरे घे! थांब! ऐक की रे!" असं म्हणता म्हणता मी तोंडावर आपटलो. काठी घरंगळत कडेला पाहुणे म्हणून बसलेल्या कुलगुरूंच्या पायाशी गेली. त्यांना वाटलं, सत्कार आहे. त्यांनी ती उचलून नमस्कार केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उंट काठी घ्यायच्या हद्दीच्या टोकाला थांबला होता. बाकीचे केव्हाच निघून गेले, तरी तो वळला नाही. हात तसाच मागे धरलेला. मला फार वाईट वाटलं.

"सशाचंच माप घेतलं रे मी," तो म्हणाला. "हाताला दुसरं येतच नाही."

संध्याकाळी सशाला फोन लावला. कुलगुरूंचं ऐकून तो पोट धरून हसला. मग मी संघ बंद होणार असल्याचं सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "मी परत येणार नव्हतोच. तुम्हाला सांगायचं कसं, तेच कळत नव्हतं."

उंट शेजारी उभा होता. काय म्हणाला, असं त्याने तीनदा विचारलं.

"म्हणाला, पट्टी काढू नका," मी म्हणालो, आणि घाम पुसायच्या निमित्ताने तोंड टॉवेलात घातलं.