आडातली वाइन

आन्सेल्मो बेंतान्कोर टपाल खात्यातून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच महिन्यात त्यानं जग वाचवायचं ठरवलं. (पहिला महिना झोपण्यात गेला.)

निमित्त झालं रेडिओचं. कानेलोनेसमधल्या आपल्या घराच्या ओट्यावर, थर्मास काखेत मारून तो सकाळचा कडू चहा नळीनं ओढत बसला होता. रेडिओवरच्या बाई सांगत होत्या की वाइन बिचारी गरीब असते, खरं पाप बाटलीचं. काचेसाठी भट्ट्या पेटवायच्या, मग ते जड ओझं गावोगाव न्यायचं, मग फ्रिजमध्ये गार करायचं. आन्सेल्मोनं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले होते. आपला स्वतःचा शिक्का कशावर तरी उमटवायची ही पहिलीच संधी होती.

दुपारी जेवताना त्यानं बायकोला सांगून टाकलं की या घरात यापुढे नवी बाटली येणार नाही, प्लास्टिकचा डबा येणार नाही आणि वाइनसाठी फ्रिज चालणार नाही. सुल्मा म्हणाली, बरं.

घरामागच्या द्राक्षवेलींच्या चार ओळी सुल्माच्या वडिलांच्या. त्यात राबायची ती आणि मतं द्यायचा आन्सेल्मो. एकाच द्राक्षापासून ती दोन तऱ्हांची वाइन करी. हिवाळ्यात मसुराच्या रश्श्याबरोबर प्यायची दाट, काळपट, आणि उन्हाळ्यात निखाऱ्यावरच्या मांसाबरोबर प्यायची हलकी गुलाबी. वेलींवर विष तिनं कधी मारलंच नाही. अंगाला लागला की आग होते असा एक खाजरा पाला बांधावर उगवायचा. तो दहा दिवस पाण्यात कुजवून ते पाणी ती वेलींवरच्या मावा किडीवर फवारायची. त्या पाण्याच्या वासानं शेजारचं कुत्रं कुंपण सोडून जायचं. याला पर्यावरण म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. फवारणी सोमवारी असायची, म्हणून ती त्याला सोमवार म्हणायची.

आता प्लास्टिक बंद झाल्यामुळे हे पाणीसुद्धा गावातून गोळा करून आणलेल्या जुन्या हिरव्या बाटल्यांत गेलं. वाइनही तसल्याच बाटल्यांत. आन्सेल्मोनं सुवाच्य अक्षरात कागदाच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि मैद्याच्या खळीनं चिकटवल्या. (दुकानातला डिंक निसर्गाला चालत नाही, असं त्याला वाटलं.) पाल्याच्या पाण्याची एक बाटली उन्हात फुटली, तेव्हा त्यानं वाइनबरोबर त्याही बाटल्या थंडाव्याला ठेवायचं ठरवलं. अंगणात पावसाचं पाणी साठवायचा जुना आड होता. त्याच्या काठावरच्या दोन लोखंडी आकड्यांना दोर अडकवून आत दोन टोपल्या सोडल्या. डाव्या आकड्याला वाइन, उजव्याला पाल्याचं पाणी.

अशात सुल्माच्या भावाचा फोन आला.

हा भाऊ वॉशिंग्टन तिच्याहून मोठा. वडील गेले त्या आठवड्यात त्यानं द्राक्षं पिळायचा त्यांचा लाकडी चरक ट्रकात घातला आणि स्वतःच्या मळ्यावर नेला. विचारलंही नाही. सुल्मा भांडली नाही, फक्त बोलायची थांबली. त्याला सात वर्षं झाली. त्या सात वर्षांत ती पायानं द्राक्षं तुडवत होती, आणि दर मार्चमध्ये तुडवताना तिचा चेहरा असा व्हायचा की आन्सेल्मोसुद्धा मत देत नसे. आता वॉशिंग्टन म्हणत होता, रविवारी जेवायला येऊ का?

ये, म्हणाली ती. नंतर तिनं टेबलाच्या कापडाला दोनदा इस्त्री केली.

वाइनची जबाबदारी आन्सेल्मोनं अंगावर घेतली. तिकडे उन्हाळा नोव्हेंबरात लागतो आणि ऊन तापायला लागलं होतं, तेव्हा गुलाबीच हवी, आणि आडातलीच हवी. वॉशिंग्टनच्या मळ्यावर शीतगृह होतं. साध्या आडानं काय होतं ते त्याला दाखवायचंच होतं.

रविवारी सकाळी सुल्मानं पाणी काढायला दोन्ही टोपल्या वर घेतल्या आणि घाईत उलट्या आकड्यांना अडकवून खाली सोडल्या. मैद्याची खळ तर रात्रीच विरघळली होती. आन्सेल्मोची सुवाच्य अक्षरं पाण्यावर तरंगत होती. त्याला मात्र चिंता नव्हती. चिठ्ठ्या गेल्या तर गेल्या, डावा आकडा होता ना. त्यानं डाव्या टोपलीतली बाटली काढली.

वास आला असता तर पुढचं टळलं असतं. पण रस्त्यावरच्या झाडांचा कापूस उडायचा तो हंगाम. आन्सेल्मोचं नाक पंधरा दिवस बंद होतं आणि डोळे असे सुजले होते की घरातही काळा चष्मा.

वॉशिंग्टन आला. धुतलेला शर्ट, हातात केक, चेहरा दवाखान्यात बसलेल्या माणसासारखा. सुल्मा शेगडीपाशी धुरात उभी होती. (आन्सेल्मोच्या हाती निखारे द्यायचे नाहीत, हा त्या घराचा जुना नियम.) तिनं मुद्दाम वडिलांचे मातीचे पेले काढून ठेवले होते. आन्सेल्मोनं ते भरले, एक मेव्हण्याच्या हातात दिला आणि बाटली, भट्टी, काच, आड असं सगळं सांगायला सुरुवात केली.

वॉशिंग्टननं एक घोट घेतला आणि तसाच बसून राहिला.

चाळीस वर्षं वाइन केलेला माणूस तो. तोंडात काय आहे ते त्याला नक्की कळलं. हेच पाणी त्यानं लहानपणी वडिलांच्या हाताखाली वेलींवर फवारलं होतं. त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती पाठमोरी, शांतपणे मांस उलटत होती. त्यानं हातातल्या पेल्याकडे पाहिलं. वडिलांचा पेला. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, पण पेला त्यानं तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही.

आन्सेल्मोला भरून आलं. त्यानंही आपला पेला संपवला, जिभेला थोडं कडसर लागलं, ते त्यानं द्राक्षाच्या सालीच्या खात्यात टाकलं आणि दुसरा भरून घेतला.

सुल्मा ताट घेऊन आली, बसली, आणि पेला ओठांपाशी नेताच थबकली. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पीत होता. भावाकडे पाहिलं. त्याचा पेला रिकामा होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि तो ओरडत नव्हता.

क्षणभरात तिला सगळं समजलं. म्हणजे झालेली चूक तर समजलीच, पण भावानं ती चरकाची शिक्षा म्हणून घेतली तेही.

"आणखी घेतोस?" तिनं विचारलं.

वॉशिंग्टननं रिकामा पेला पुढे केला. "किती घ्यायला हवेत, सुल्मा?"

तिनं त्याच्या हातातून पेला काढून घेतला. "एक पुरे," म्हणाली.

मग वॉशिंग्टन बोलायला लागला. चरक त्यानं एकदाही वापरला नव्हता. त्याच्याकडे लोखंडी यंत्र होतं. वडिलांच्या हाताची झीज त्या दांड्यावर होती, ती रोज डोळ्यांसमोर हवी म्हणून त्यानं तो नेला, आणि मग लाजेनं कोठीत पोत्यांखाली झाकून ठेवला. पुढच्या रविवारी आणून देतो, म्हणाला. सुल्मानं त्याच्या ताटात मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला. मग उठून आडापाशी गेली आणि उजव्या आकड्याची बाटली घेऊन आली.

ती गुलाबी, गार वाइन पिऊन वॉशिंग्टननं डोळे मिटले. आन्सेल्मोनंही चाखली आणि मान हलवून म्हणाला, "ठीक आहे. पण पहिलीत जास्त दम होता."

भावंडं इतकी हसली की वॉशिंग्टनला ठसका लागला. आन्सेल्मोला वाटलं, आपला विनोद चांगला जमला.

चरक खरंच आला. आन्सेल्मोचं पोट दोन दिवस बिघडलं, त्याचा दोष त्यानं केकला दिला. क्लबातल्या निवृत्त मंडळींना तो तीन आठवडे ऐकवत होता की सात वर्षांचा अबोला पर्यावरणाच्या वाइननं एका दुपारी मोडला.

चौथ्या आठवड्यात कापूस उडायचा थांबला आणि त्याचं नाक उघडलं. संध्याकाळी त्यानं डाव्या आकड्याची उरलेली एक बाटली उघडली. पुढच्या क्षणी तो बाटली हातभर लांब धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"सुल्मा, हे आम्ही प्यायलो?"

"वॉशिंग्टन एक पेला प्यायला. तू दोन."

"आणि तुला माहीत होतं? मग त्या दुसऱ्या पेल्याला मला थांबवलं का नाहीस?"

सुल्मा कांदा चिरत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "अरे, पेला तोंडाला होता तेवढाच वेळ तू गप्प होतास. म्हणून तर त्याला बोलता आलं."