मौलाभाईंची बादली

आमच्या भवानी पेठेत मौलाभाईंच्या अंगणात शिरायचं तर आधी दारातल्या औषधाच्या बादलीत पाय बुडवावे लागतात. पाहुणा असो की पोस्टमन. आणि मी दिसले की ते माझी तब्येत विचारत नाहीत, माझ्या म्हशीची विचारतात.

"आक्का, म्हस खोकती का?"

"मीच खोकतीय चार दिवस."

"तुमचं चालतंय. म्हशीचं सांगा."

लग्नात, जत्रेत पोरांना उंटावर फिरवायचं, हा त्यांचा धंदा. उंटीण एकच, चांदणी. मागल्या खेपेला ती आठव्या महिन्यात गाभडली, पिल्लू पोटातच गेलं. गल्लीत प्रत्येकाकडे कारण तयार. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं ग्रहणात बाहेर बांधली. मी म्हणाले, वरातीत नाचवली. मौलाभाईंनी मात्र जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, तर निघाला व्हायरस, गाईम्हशींत फिरणारा. त्या दिवशी बादली आली आणि माझी म्हैस आरोपी झाली. तिला साधी शिंकसुद्धा आली नव्हती हो, पण ऐकतंय कोण?

चांदणी पुन्हा गाभण राहिली. गाभण उंटीण कुणी जवळ गेलं की शेपटी उभी करते म्हणे. मौलाभाई रोज सकाळी ती बघायचे आणि गल्लीभर सांगत यायचे, "हाय, उभी हाय." वराती सगळ्या बंद. उंटिणीला तेरा महिने लागतात. तेवढे दिवस आमची सगळी गल्ली त्या शेपटीवर जगली.

परवा पिल्लू झालं. नुसती मान आणि पाय. डॉक्टर बघायला आले, मीही पाय बुडवून गेले. पिल्लू धडधाकट आहे म्हणाले. तर मौलाभाई म्हणतात, "साब, मागल्या खेपेला काय झालतं ते सांगा की परत."

"आता कशाला? तेव्हा सांगितलं की."

"सांगा. जरा मोठ्यानं."

"व्हायरस होता. त्यात आईची काही चूक नव्हती."

मौलाभाई डॉक्टरांकडे बघतच नव्हते. त्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे. आत त्यांची बायको, म्हणजे आमच्या हाजराभाबी, चहा गाळत होत्या. तरुणपणी भाबींचं दोनदा पोटातच गेलं, पुन्हा काही राहिलं नाही. तेव्हाही गल्लीकडे कारणं तयार होती, आणि सगळी भाबींच्याच माथ्यावर. त्यातलं एखादं माझंही असेल.

भाबी चहा घेऊन बाहेर आल्या. कप डॉक्टरांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "आत नीट ऐकू आलं न्हाई, साब. परत सांगा की."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं.