टाच ते कान

बसवणप्पांना कुणी नमस्कार केला की ते आधी त्याच्या टाचेकडे बघतात, मग कानाकडे, आणि मग नमस्कार परत करतात. नव्या माणसाला वाटतं, आपली चप्पल तुटलीय की काय. खरं म्हणजे आप्पा मनातल्या मनात माप घेत असतात. लाठी टाचेपासून कानाच्या पाळीपर्यंत हवी, बोटभर जास्त नको की कमी नको, हा त्यांचा नियम. ज्यानं जन्मात काठी धरली नाही त्याचंही माप त्यांना पाठ असतं. शिरूर अनंतपाळमधली अर्धी माणसं ते नावापेक्षा काठीनं ओळखतात. "नवीन तलाठी म्हणता? चार फूट दहा व्हय, वळखतो की."

बसस्टँडजवळ आप्पांचं कापडाचं दुकान आहे. कपाळावर विभूती, हातात कापड मोजायचा, वडिलांच्या वेळचा लोखंडी गज. वर घर आणि मागं पटांगण. तिथं रोज संध्याकाळी ते लाठी शिकवतात. तरुणपणापासून त्यांनी गावातली पोरं तयार केली. पण गेली बरीच वर्षं वर्गात फक्त बायका आणि मुली. असं का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मला न सांगितलेल्या गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत.

मी पंचायत समितीत कारकून आहे. बदलीनं इथं आले आणि गावाच्या टोकाला खोली घेतली. ऑफिसातून परतताना एक मोटारसायकलवाला रोज मागं यायचा. कधी हॉर्न, कधी शीळ. मी वाट बदलली, वेळ बदलली, तोही बदलायचा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नोकरी सोडून घरी ये." मला त्या पोरापेक्षा आईचाच जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी मी आप्पांच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

आप्पांनी टाच बघितली, कान बघितला. "चार फूट साडेसात. महिनाभर काठी मिळत न्हाई. आधी पाय, मग हात. तोंड सगळ्यात शेवटी."

हे त्यांचं आवडतं वाक्य. गिऱ्हाईक भावावरून भांडायला लागलं तरी ते हेच म्हणतात, आणि गिऱ्हाईक गोंधळून कापड घेऊन जातं.

आप्पांच्या घरी कानडी बोलतात, त्यामुळे पावलंही कानडीत मोजली जातात. "ओंदू, येरडू, मूरू, नाल्कू." मी खोलीत सराव करायचे तेव्हा ते कानडी ऐकून घरमालकीण विचारायची, तिकडं उदगीरकडं स्थळ जमलं का म्हणून. वर्गात आप्पा आमच्याकडे पाठ करून, घराकडे तोंड करून उभे राहतात. "तोंडाकडं बगून शिकलं की माणूस उलटं शिकतं. माज्या पाठीकडं बगा." उजवा-डावा हे शब्द ते वापरत नाहीत. चार फेऱ्या झाल्या की मागं वळतात आणि जिचा पाय चुकला असेल तिच्या पायावर गज टेकवतात. माझा पाय पहिले पंधरा दिवस गजाखालीच होता.

असे हे वस्ताद रस्त्यात कुत्रं दिसलं की गल्ली बदलतात. मी एकदा हसले तर म्हणाले, "मी वस्ताद हाय ते त्याला कुठं ठाव हाय?"

तिसऱ्या आठवड्यात तो मोटारसायकलवाला अगदी जवळ आला आणि त्यानं माझ्या पर्सला हात घातला. मी काहीच ठरवलं नव्हतं. पाय आपोआप हलले: ओंदू, येरडू. त्याचा हात गेला तिथं मी नव्हते, पर्सही नव्हती, आणि तो गाडीसकट बोअरजवळच्या चिखलात होता. चिखलातून उठून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मूरूवर उभी होते. त्यानं गाडी उचलली आणि गेला, तो परत त्या वाटेला दिसला नाही.

मी धापा टाकत दुकानात आले आणि सगळं सांगितलं. आप्पा पॉपलीन फाडत होते.

"कोणता पाय आधी गेला?"

"उजवा."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि पुढचं कापड मोजायला लागले. दुसऱ्या दिवशी मात्र मला काठी मिळाली, महिना भरायच्या आठवडाभर आधी. वर्गातल्या बायका म्हणाल्या, एवढा मान इथं कुणाला मिळालेला नाही.

काठी ठेवायला गेले तेव्हा भिंतीवरच्या शेवटच्या खुंटीकडे माझं लक्ष गेलं. तिथली काठी जुनी होती, तेल पिऊन काळपट झालेली. बाकीच्या काठ्यांना आम्ही तेल लावायचो. हिला दर सोमवारी आप्पा स्वतः लावायचे. माप घ्यायची खोड एव्हाना मलाही लागली होती. चार फूट पाच. त्या मापाची बाई वर्गात नव्हती.

"ही कुणाची, आप्पा?"

"हाय एकीची."

"ती येत नाही का?"

"ओंदू," आप्पा म्हणाले, आणि मला पाय उचलावा लागला.

शेवटी मी काकूंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, गाठलं. त्या गच्चीवर तूर वाळवत होत्या. "महानंदाची हाय," त्या म्हणाल्या. "आमची पोरगी. देगलूरला दिली. निलंग्याला कॉलेजला जायची, यष्टीत पोरं तरास द्यायची. ह्येंनी समद्या गावाला काठी शिकवली, अन् तिला म्हणले, घरी बस. त्याच साली लगीन लावलं. मागून कळलं, त्यातली दोन पोरं ह्येंच्याच हाताखालची व्हती. तवापासून पोरांला शिकवणं बंद. ही काठी तवाच केली. दरसाली ती दसऱ्याला येती, सोनं देती, जाती. तिला काठी घे म्हणायचं तोंड न्हाई ह्येंला."

मी तिथंच बसून तूर पसरत राहिले. माझ्या आईचं वाक्य मला आठवत होतं.

दसऱ्याला पटांगणात सतरंजीवर सगळ्या काठ्या मांडल्या, झेंडू वाहिला. पूजा झाल्यावर आप्पा एकेक काठी उचलून जिची तिला द्यायला लागले. शेवटी एकच उरली. मागच्या दारात महानंदाताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या; चाळिशीच्या, कानाजवळ केस पांढरे झालेले. आप्पांनी काठी उचलली, दाराकडे बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं.

आप्पांचं तोंड सगळ्यात शेवटी, माझं सगळ्यात आधी. "ताई, ही तुमची आहे," मी बोलून गेले. "चार फूट पाच."

महानंदाताईंनी ट्रे ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि आप्पांच्या हातातून काठी घेतली. शेजारी उभी करून बघितली. बरोबर कानाच्या पाळीला लागली.

"ओंदू," त्या स्वतःच म्हणाल्या.

आणि त्या चालल्या. आमच्यापैकी कुणाला इतक्या सफाईनं येत नव्हतं. पण डावा पाय आधी, सगळं उलटं. मी वर बघितलं. आप्पा रोज जिकडे तोंड करून उभे राहतात, तिथं वरच्या मजल्यावर एक खिडकी आहे. लग्न होईपर्यंत ती खोली ताईंची होती.

आप्पांच्या हातात गज होता. आता तो ताईंच्या पायावर टेकणार, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. ताईही थांबल्या.

"चुकलं का, आप्पा?"

"तुजं न्हाई," आप्पा म्हणाले. "खिडकी रोज समोर व्हती. मीच कधी वर बगितलं न्हाई."

त्यांनी गज सतरंजीवर ठेवला, माझ्या हातातली काठी मागून घेतली आणि लेकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचा उजवा पाय आणि तिचा डावा एकदमच पुढं आले. मोजताना त्यांचा आवाज मूरूच्या पुढं जात नव्हता, म्हणून ते पुन्हा पुन्हा ओंदूपासून सुरू करत होते. चहा गार झाला, आणि दसऱ्याचं सोनं त्या दिवशी आम्ही आपापसातच वाटून घेतलं.