कप्तान मेला की नाही याचा पंचनामा

नातीचं, पल्लवीचं लग्न झालं त्या साली, म्हणजे दोन हजार चोवीस साली, शेषरावांचं साडेतीन एकर सोयाबीन चांगलं आलं होतं. लग्नाच्या मांडवावरची ताडपत्री उन्हाळ्यापासून घरात पडून होती, तीच त्यांनी सोंगणी झाल्यावर कापलेल्या पिकाच्या गंजीवर टाकली. ताडपत्रीला एका कोपऱ्यात मोठं भोक होतं. लग्नात त्या भोकाखाली व्याह्यांची खुर्ची आली होती. आता त्याखाली वर्षभराचं पीक होतं.

मळणीची चिंता मात्र नव्हती. पल्लवीचा भाऊ उत्कर्ष याच्याकडे ट्रॅक्टर होता आणि त्याचा पहिल्या वर्गापासूनचा मित्र हरीओम याच्याकडे थ्रेशर होतं. थ्रेशर त्याच ट्रॅक्टरवर चालायचं. दोघं मिळून गावाची मळणी करत. सोमवारी आपल्या घरची करायची असं ठरलं होतं, म्हणून रविवारी दोघं एका मोटारसायकलवर अकोल्याला सिनेमा पाहायला गेले. येताना मालेगावच्या फाट्यावर हरीओम गाडीवरून उतरला आणि एसटीनं घरी आला.

"काय झालं बे?" शेषरावांनी नातवाला विचारलं.

"कप्तान जिवंत ठेवला त्याइनं," उत्कर्ष म्हणाला आणि ताट सरकवून दिलं.

"कोनाचा पोरगा होय?" शेषरावांच्या बायकोनं, वच्छलाआजींनी विचारलं.

"आजी, गेममधला कप्तान. ओरिन."

"मंग जिवंत हाय तं चांगलंच हाय ना. त्याच्यात उपाशी कायले राहते?"

हळूहळू उलगडा झाला. उत्कर्ष आणि हरीओम बारा वर्षांपासून एक गेम खेळत होते. तिचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, म्हणून गावात तिला नुसतं 'यानं' म्हणत. तीत आकाशात यानांची लढाई चालते आणि शेवटच्या लढाईत कप्तान ओरिन आपलं यान शत्रूच्या मोठ्या यानावर घालून मरतो. ते पाहून हे दोघं नववीत असताना रडले होते. आता त्या गेमवर सिनेमा निघाला होता, आणि सिनेमातला कप्तान अर्ध्या लढाईतून माघारी फिरतो, घरी जातो आणि आईच्या हातचं जेवतो.

उत्कर्षच्या मते हा बारा वर्षांचा विश्वासघात होता. "यानाचा पट्टा निळा होता, तो लाल केला. आन् वरतं आकाशात हवा नसते, आवाज येतच नाई. थिएटरात माह्ये कान फुटाची पाळी आली."

हरीओमचं म्हणणं त्यानं ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकवलं. "आवाज तं गेममंदी बी येते. आन् बारा वर्सं झाली त्या मानसाले मरता मरता. एखाद टायमाले घरी जाऊ दे ना बाप्पा."

सोमवारी ट्रॅक्टर एका अंगणात उभा राहिला आणि थ्रेशर दुसऱ्या. शेषरावांच्या फोनवर हवामानाचा निरोप आला: गुरुवारपासून विजांसह पाऊस. त्यांनी मानोऱ्याकडच्या भाऊसिंगला फोन लावला. त्याचं मशीन आठ दिवस रिकामं नव्हतं. गंजी भिजली तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटणार, मग ते ना विकायला ना पेरायला. शेषरावांनी वच्छलाआजींना हरीओमकडे पाठवलं.

आजी चहा पिऊन परत आल्या. "तो म्हन्ते, सिनेमा चांगला हाय एवढंच उत्कर्षनं बोलावं. आत्ता मशीन जोडतो."

"जीव गेला तरी बोलत नाई," उत्कर्ष म्हणाला.

"जीव कप्तानाचा नाई गेला, तुहा गेला नाई. गंजीचा चाल्ला," आजी म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी शेषराव रामरावांकडे गेले. रामराव गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते आणि शेषराव सदस्य. गाव तंटामुक्त झाल्याची पाटी रस्त्यावर लागल्यापासून समितीकडे कोणी भांडण आणलं नव्हतं. पाटी खोटी पडू नये म्हणून लोक परस्पर भांडून घेत. त्यामुळे रामरावांना तंटा पाहून आनंदच झाला. त्यांनी रजिस्टर झटकलं.

"तंट्याचा प्रकार सांग. धुऱ्याचा, वाटेचा, पान्याचा, का घरगुती?"

"आकाशाचा," शेषराव म्हणाले.

रामरावांनी 'इतर' लिहिलं. "वाद काय हाय?"

"एक मानूस मेला का नाई मेला."

"मयताचं गाव?"

"ते मले नाई सांगता येत. पन लय दूर हाय."

दहा वाजता ग्रामपंचायतीत बैठक भरली. सिनेमा दोघांनीच पाहिला होता, पण अकरापर्यंत गावात दोन पक्ष झाले. ज्यांचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुना वाद होता ते आपोआप एकमेकांच्या विरुद्ध बाजूला बसले. मेल्याच्या पक्षाचं म्हणणं पडलं की गेम आधीची, म्हणजे मूळ सातबारा तिचाच. सिनेमा मागून आला, त्याला फेरफार करायचा काय हक्क? जिवंताच्या पक्षानं विचारलं की मयताचं प्रेत कोणी पाहिलं आहे का. उत्कर्ष म्हणाला, यानाचा भुगा होतो, प्रेत सापडत नाही. "मंग सात वर्सं थांबा लागते," मागून कोणीतरी कायदा सांगितला.

"बारा झाले," उत्कर्ष म्हणाला.

रामरावांनी हात वर केला. "आयकीव गोष्टीवर निकाल देता येत नाई. मोका पाहनी करा लागन. ज्याले त्या गेमचं काहीच समजत नाई असा पंच पायजे."

सगळ्यांनी शेषरावांकडे पाहिलं.

दुपारी पंच, अध्यक्ष आणि दोन्ही पक्षकार उत्कर्षच्या खोलीत बसले. बाकीचे खिडकीत होते. शेषरावांच्या हातात खेळायचा रिमोट दिला. उत्कर्षनं शेवटची लढाई लावली. पडद्यावर हिंदीतून मजकूर आला.

"हे बटन दाबा आबा, हे पुढे जाते," उत्कर्ष म्हणाला.

"थांब. लिहेल हाय तं वाचा लागन."

शेषराव पन्नाशी उलटल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं शिकले होते. आधीच्या पन्नास वर्षांचं वाचायचं राहिलं होतं, ते भरून काढायचं म्हणून त्यांना दिसलेलं अक्षर सोडवत नसे. बिस्किटाचा पुडा, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, खताच्या पोत्यावरचा इशारा, सगळं ते शेवटपर्यंत वाचत. ते उठले, पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवून वाचू लागले.

"कप्तान... ओरिन. ईंधन... आधा... रह जाए... तो लौट आना. यह... आदेश है."

"ते काई नसते आबा. कोनी वाचत नाई ते," हरीओम म्हणाला.

"आमी बारा वर्सांत एकदाई नाई वाचलं," उत्कर्ष म्हणाला. तीन दिवसांत दोघांचं हे पहिलं एकमत होतं.

लढाई सुरू झाली. शेषरावांचं यान आधी एका दगडावर घासलं, मग आपल्याच माणसाच्या मागे लागलं. खिडकीतून सल्ले येत होते. शेषरावांचं लक्ष कोपऱ्यातल्या इंधनाच्या काट्यावर होतं. काटा अर्ध्यावर आला आणि त्यांनी यान वळवलं.

"आबा, तिकडे नाई! समोर जा!" दोघं एकदम ओरडले.

"डिझेल अर्धं झालं. आता वापस."

"आबा, लढाई समोर हाय."

"त्या मानसानं लिहून देलं ना. आदेश हाय म्हने."

पडदा काळा झाला. उत्कर्षनं कपाळाला हात लावला. मग हळूच गाणं सुरू झालं आणि एक लाल मातीची टेकडी दिसली. यान त्या धुळीतून उतरलं तेव्हा त्याचा निळा पट्टा लाल झाला होता. कप्तान उतरला. दारात म्हातारी उभी होती. तिनं ताट वाढलं.

खिडकीतली डोकी आणखी आत आली.

"असंच होतं," हरीओम शेवटी म्हणाला. "सिनेमात अगदी असंच होतं."

"पट्टाबी," उत्कर्ष म्हणाला. "धूळ होती ती."

"मंग मेला का नाई?" रामरावांनी पेन काढला. "मले काय ते एक लिहू द्या."

"नाई मेला," शेषराव म्हणाले.

रामरावांनी लिहिलं: 'पंचांसमक्ष पाहणी केली असता कप्तान ओरिन हा जिवंत असून आपल्या आईकडे राहतो असे आढळून आले.' खाली शेषरावांनी सही केली. सही करण्याआधी त्यांनी सगळा पंचनामा वाचून काढला, त्याला वेळ लागला.

हरीओम हसला. "बटन दाबून समोर जाले तूच शिकोलं होतं मले."

"रिमोट तुह्या हातात राहे," उत्कर्ष म्हणाला. मग दोघं शेजारी बसले आणि सगळा मजकूर वाचत पहिल्या लढाईपासून खेळू लागले. आणखी काय काय सुटलं असेल, कोणाला माहीत.

अर्धा तास झाला. आभाळ भरून आलं होतं. वच्छलाआजी आत आल्या आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"लढाई झाली. आता तुमीबी लौटा, वावरात."

संध्याकाळपर्यंत मशीन जोडलं गेलं आणि बुधवारी सकाळी सातला मळणी लागली. उत्कर्ष ट्रॅक्टरवर, हरीओम गंजी ओढायला आणि पोती धरायला शेषराव. दुपारी शेषरावांची कंबर दुखू लागली. ते पाणी पिऊन येतो म्हणाले आणि घरी गेले. पोती वच्छलाआजींनी धरली. शेवटचं पोतं शिवलं तेव्हा विजा चमकत होत्या, पण पाण्याचा थेंब नव्हता.

पोती घेऊन सगळे घरी आले तर शेषराव उत्कर्षच्या खोलीत रिमोट धरून बसले होते. कंबर सरळ होती. पडद्यावर धूर होता.

"काय झालं आबा?" उत्कर्षनं विचारलं.

"मेला," शेषराव म्हणाले.

"काहून? अर्ध्या डिझेलवर वळोलं नाई का?"

"ही दुसरी लढाई होय. हिच्यात काय लिहेल होतं मले मालूम नाई."

"वाचलं नाई का?"

शेषरावांनी रिमोट खाली ठेवला. "ते एक बटन दाबलं. घाई होती."

रात्रीच्या जेवणाआधी ते रामरावांकडे जाऊन आले. पंचनाम्यात दुरुस्ती करता येईल का, असं त्यांनी विचारलं. रामराव म्हणाले, सही झाली, शिक्का लागला, तंटा मिटला. आता कप्तानाला मरायचं असेल तर त्यानं नवा अर्ज करावा. त्यामुळे रजिस्टरात तो अजून जिवंत आहे. प्रत्यक्षात कप्तान ओरिन बुधवार, दिनांक नऊ ऑक्टोबर दोन हजार चोवीस रोजी, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी वारला.