रंगाखालचं लोखंड

"सर, यंदा सायकल शर्यतीचं धावतं वर्णन मी केलं तर चालेल का?"

हा प्रश्न खारूने भर वर्गात, उभं राहून, खणखणीत आवाजात विचारला. अर्थात आपणहून नाही. मागच्या बाकावरच्या चौघी सलग तीन दिवस "तुझ्यात हिंमतच नाही" म्हणत होत्या, म्हणून. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी हजेरीला "हजर" अशी पुटपुटायची की सर तिची गैरहजेरी मांडून मोकळे व्हायचे. त्यामुळे प्रश्न ऐकून सरांचा खडू फळ्यावरच थांबला.

"चालेल की," सर म्हणाले. "पण आपला हातातला कर्णा मोडलाय. सायकलींच्या बरोबरीने जाणारी गाडी हवी आणि गाडीवर स्पीकर. आहे?"

"आहे!" खारू म्हणाली.

गाडी होती. स्पीकर नव्हता. आणि जी गाडी होती तिला हात लावायची परवानगी तर अजिबात नव्हती.

खारूचे बाबा घरं रंगवायचे. प्रत्येक कामातून थोडा रंग उरायचा आणि तो त्यांच्या मोटारसायकलवर चढायचा. आतापर्यंत सात हात झाले होते. टाकी, सांगाडा, स्टँड, इतकंच काय, बोल्टसुद्धा रंगवलेले. कुणी पाहुणा कौतुकाने टाकीवर हात फिरवायला लागला की बाबा आधी त्याच्या बोटात अंगठी आहे का ते बघायचे.

"घेऊन जाऊ शर्यतीला," दोन दिवस विनवण्या झाल्यावर बाबा म्हणाले. "पण ओरखडा उठता कामा नये."

"केसाएवढासुद्धा नाही!"

"केसाएवढा म्हणजे खूप झाला."

स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर मामाने दिला. मामाचा हे सगळं भाड्याने द्यायचा धंदा होता आणि त्याला बोलायला कधीच वेळ नसायचा. आईच्या फोनवर त्याने अर्ध्या मिनिटात सगळी विद्या दिली. "लाल वायर बॅटरीच्या प्लसला, मध्ये फ्यूज. काळी वायर सांगाड्यावरच्या कुठल्याही बोल्टाला कस. झालं अर्थिंग. लहान पोरसुद्धा करेल."

"मामा, मीच करणारे."

"म्हणून तर म्हणालो," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी खारूने पान्याला फडकं गुंडाळून सीटखालचा एक निळाशार बोल्ट सैल केला. काळी वायर त्याखाली सरकवली आणि बोल्ट दात-ओठ खाऊन आवळला. लाल वायर फ्यूजमधून बॅटरीला गेली. बटण दाबलं. अ‍ॅम्प्लिफायर ढिम्म! दिवाही लागेना. तिने बोल्ट आणखी आवळला. तरी ढिम्म.

"मामाला विचार," आई म्हणाली.

आईच्या फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून खारूने तो गाडीच्याच चार्जरला लावला. लावलाच आहे तर गाणं वाजवून बघू, म्हणून फोनची दुसरी वायर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खुपसली. आणि काय आश्चर्य! गाणं लावायच्या आधीच दिवा लागला.

"लागला! आई, बाबा, लागला!" खारू अंगणभर नाचली.

बाबांनी गाडी चालू केली. स्पीकरमधून बारीक "कुईंऽऽ" निघालं. बाबांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळला, तसं ते "कुईंऽऽ" चढत चढत कानाच्या पडद्याला जाऊन टेकलं.

"हे काय?"

"शर्यतीला जोश येईल त्याने."

"आणि माझा फोन कशाला अडकवलाय?" आईने विचारलं.

"त्याच्याशिवाय चालत नाही."

"का?"

"ते नाही माहीत. पण चालतंय ना!"

"पाण्याची मोटार जळायच्या आदल्या दिवशी तुझे बाबाही असंच म्हणाले होते," आई म्हणाली आणि आत गेली.

रविवारी सकाळी शाळेच्या फाटकापासून शर्यत सुटली. पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत, अशा तीन फेऱ्या, आणि शेवटच्या फेरीआधी पाणी प्यायला थोडी विश्रांती. बाबा गाडी चालवत होते आणि मागे खारू, हातात माईक.

"पिवळी टोपी पुढे! लाल सायकल तिला खेटून! आणि तिसऱ्या नंबरवर, अरे देवा, घंटी वाजवत कोण घुसतंय हे?"

लोक गॅलरीत आले. मागच्या बाकावरच्या चौघी वळणावर उड्या मारत होत्या. खारूला वाटलं, आपण जन्मभर हेच करायला आलो आहोत.

बाबांनी वेग वाढवला, "कुईंऽऽ" चढलं आणि गल्लीतून एक कुत्रं धावत आलं. मग दुसरं. मग कुठून कुठून पाच जमली आणि माना वर करून स्पीकरला साथ द्यायला लागली.

"आणि मंडळी, शर्यतीत पाच नवे स्पर्धक दाखल!" खारू ओरडली. मागचे सायकलवाले असे काही पायडल मारायला लागले की शेवटचा मुलगा थेट चौथ्या नंबरवर आला.

"आवाज कमी कर!" बाबा ओरडले.

"आवाज तुम्ही वाढवताय! हळू चालवा!"

"हळू चालवली तर कुत्री गाडीवर चढतील! माझा रंग!"

दुसरी फेरी संपता संपता जळका वास आला. आईचा फोन इस्त्रीसारखा तापला होता आणि त्याची वायर मऊ पडली होती. खारूने ती ओढून काढली. दिवा विझला. "कुईंऽऽ" बंद. कुत्री हिरमुसून परत फिरली. आणि वळणावरच्या चौघींनी एकदमच कानामागे हात धरले.

एक फेरी उरली होती. आत्ता गप्प बसलो तर उद्यापासून पुन्हा "तुझ्यात हिंमतच नाही". नाहीतर त्याहून वाईट, "बिचारी". खारूने बाबांच्या पाठीवर थाप मारली.

"बाबा, थांबवा!"

फोन आता नुसता काळा आरसा झाला होता, म्हणजे मामाला विचारायची सोय नाही. डोकंच चालवणं भाग होतं. गाणं न लावताही फोन जोडला की अ‍ॅम्प्लिफायर चालतो. म्हणजे फोन गाणं देत नव्हता, विजेला परत जायला वाट देत होता. ती वाट तर काळ्या वायरीने द्यायची! मग काळी वायर करते काय? खारूने वाकून बोल्ट पाहिला. निळाशार, चकचकीत, घट्ट.

"बाबा, रंगातून वीज जाते?"

"छे! चांगल्या रंगातून पाणी जात नाही, वीज कुठली जाते?" बाबा अभिमानाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "नाही. खारू, नाही हं."

"रुपयाएवढंच खरवडते."

"सात हात आहेत!"

"बाबा, सगळे बघतायत."

बाबांनी वळणाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि गाडीच्या हत्यारांच्या पेटीतून आपली रंग खरवडायची पट्टी काढली. "तू नको. तू वेडंवाकडं करशील."

निळा निघाला. खाली हिरवा, त्याखाली राखाडी. "हा आपल्या घराचा," बाबा पुटपुटले. मग पिवळा. "हा तू झालीस त्या वर्षीचा." खारूने नाक ओढलं, पण पाना तयार ठेवला. शेवटी लोखंड चमकलं. तिने वायर त्यावर बसवली, बोल्ट आवळला, बटण दाबलं.

दिवा लागला. कुईं नाही, खरखर नाही. माईक मात्र चालूच होता, त्यामुळे त्या स्वच्छ आवाजात सगळ्या रस्त्याने पहिलं वाक्य ऐकलं ते बाबांचं: "गेला माझा रंग!"

त्यानंतरची फेरी खारूची. पिवळी टोपी चाकभर अंतराने जिंकली, आणि ते पाण्याच्या टाकीपलीकडच्या लोकांनाही कळलं. चौघींचे तर टाळ्या वाजवून हात लाल झाले.

दुपारी मामा सामान न्यायला आला आणि सीटखाली वाकला. "हे कुणी खरवडलं? काळी वायर सरळ बॅटरीच्या मायनसला लावायची ना!"

"तूच म्हणालास बोल्टाला!"

"मला वाटलं टेम्पोवर लावताय. त्याची बॅटरी लांब असते. हिची तर इथेच आहे."

सगळे बघायला वाकले. लाल वायरीच्या प्लसपासून बोटभर अंतरावर मायनस निवांत बसला होता. बाबा पायरीवर मटकन बसले. आई फोनचं बटण दाबत होती, दाबतच होती.

खारूने हातातला पाना खाली ठेवला नाही.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी माईकही माझा आणि वायरीही माझ्या. आणि सुट्टी लागली की रोज मामाच्या दुकानात जाणार. शिकायला नाही, मामाला पूर्ण सांगायला शिकवायला!"